धूर आधी, विषाणू मागून

अमरावती शहराचं नाव हल्ली स्वच्छ हवेच्या बातम्यांत येतं. केंद्र सरकारच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या गटात अमरावती २०२३ मध्ये देशात पहिली आली, २०२४ मध्ये दुसरी आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिली. जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही बरं वाटावं अशी ही बातमी. पण थंडी पडली की चांदूर रेल्वेत काय किंवा अमरावतीत काय, सरकारी दवाखान्याच्या रांगेत खोकल्याचाच आवाज असतो. त्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो : “हवा सुधारली म्हणतात साहेब, मग हा खोकला काहून जात नाही? धुरानं येते का व्हायरलनं?”

आधी त्या क्रमांकाचं बघू. हे सर्वेक्षण मुख्यतः शहरानं काय काय काम केलं याचे गुण देतं. कचरा जाळणं थांबवलं का, रस्त्यावरची धूळ उचलली का, बांधकामाचा मलबा झाकला का, वाहनं आणि कारखाने यांचं काय केलं, आणि त्याच्या जोडीला पीएम १० हे धूलिकण किती घटले. ज्या शहरांमध्ये ही तुलना होते ती सगळी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातली आहेत. जानेवारी २०१९ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तो मुळात हवेच्या निकषांत न बसणाऱ्या शहरांसाठी, आणि त्या यादीत अमरावतीही आहे, अकोलाही आहे. म्हणजे नापास झालेल्यांच्या वर्गात मेहनत करणाऱ्या विद्यार्थ्याला मिळालेलं हे बक्षीस आहे. मेहनत खरी आहे, तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण गुणपत्रिका अजून स्वच्छ झालेली नाही.

दुसरी गोष्ट, छातीच्या आजारांत आम्हाला जास्त काळजी असते ती पीएम १० पेक्षा पीएम २.५ ची. दहा मायक्रॉनचा जाड कण बहुतेक वेळा नाका-घशात अडकतो. अडीच मायक्रॉनचा कण, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाएवढा, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत उतरतो. तो मुख्यतः जळण्यातून येतो : डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, पऱ्हाटी. आपल्या देशात त्याची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणून ठेवली.

आता मूळ प्रश्न. धुरानं व्हायरल पसरतं का? ‘पसरतं’ या एका शब्दात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं सारखी नाहीत. विषाणू धुळीवर बसून गावभर फिरतो का, हा पहिला. समोर विषाणू आलाच तर धूर खाल्लेल्या माणसाला तो लवकर धरतो का, हा दुसरा. आणि धरल्यावर आजार जास्त वाढतो, लांबतो का, हा तिसरा.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण २०२० मध्ये त्यानं लोकांना फार घाबरवलं होतं. उत्तर इटलीतल्या बर्गामो भागात हवेतल्या धूलिकणांवर करोना विषाणूच्या आरएनएचे अंश सापडले आणि ‘धुळीवर बसून येतो करोना’ अशा बातम्या सुरू झाल्या. पण आरएनएचा तुकडा सापडणं वेगळं आणि जिवंत विषाणू सापडणं वेगळं. दारात चप्पल दिसली म्हणून माणूस घरात आहे असं होत नाही. श्वासाबरोबर बाहेर पडलेला विषाणू मोकळ्या हवेत वाऱ्यानं विरळ होतो आणि उन्हानं निकामी होतो. विषाणूला एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला माणूस लागतो, तोही जवळ आणि बंद जागेत. रस्त्यावरच्या धुळीतून व्हायरल होईल ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘हो’ आहे, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

आपल्या श्वासनलिकांच्या आत सूक्ष्म लवेचं अस्तर असतं. ही लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका दिशेनं हलते. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जावा तशी लाट तिच्यावरून सतत जात असते. तिच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ, जंतू, विषाणू त्यात अडकतात आणि लव तो थर हळूहळू वर घशाकडे ढकलते. आपण नकळत ते गिळून टाकतो, पोटातलं आम्ल बाकीचं काम करतं. दिवसरात्र चालणारा हा सफाई विभाग धुरानं थंडावतो. लव मंद होते, काही ठिकाणी झडते, चिकट द्रव घट्ट होतो. मग शरीर उरलेला एकमेव उपाय करतं, खोकतं. बिडी ओढणाऱ्याला सकाळी उठल्या उठल्या येणारी ढास हीच.

त्याच्या आत दुसरी फळी असते, भक्षक पेशींची. फुप्फुसात पोचलेलं काहीही परकं दिसलं की या पेशी ते गिळून टाकतात. चुलीच्या किंवा वाहनांच्या धुरात राहणाऱ्यांच्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर आत कार्बनचे काळे ठिपके दिसतात. काजळी खाऊन पोट भरलेली पेशी विषाणू आल्यावर ढिली पडते. शिवाय विषाणूची लागण झालेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडते, आणि धुराच्या माऱ्याखाली ही पहिली हाळीच उशिरा किंवा क्षीण जाते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. विषाणूला सुरुवातीचे काही तास मिळाले की त्याला तेवढे पुरतात.

हे माणसांवरही तपासलं गेलं. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना दोन तास डिझेलचा विरळ धूर किंवा स्वच्छ हवा दिली आणि नंतर नाकात फ्लूच्या लशीतला कमजोर केलेला जिवंत विषाणू सोडला. ज्यांना आधीपासून अ‍ॅलर्जी होती त्यांच्यात धुराच्या गटात नाकातलं विषाणूचं प्रमाण स्वच्छ हवेच्या गटापेक्षा जास्त निघालं. प्रयोग लहान होता. पण ज्या घरात सर्दी-दमा पिढीजात आहे त्यांनी तो लक्षात ठेवावा.

मोठ्या लोकसंख्येतला पुरावा युटा राज्यातून आला. तिथली सॉल्ट लेक सिटीच्या आसपासची वस्ती डोंगरांच्या खोऱ्यात आहे आणि हिवाळ्यात थंड हवा खाली, उबदार हवा वर अशी उलटी घडी बसते. त्या झाकणाखाली धूर कोंडतो. १९९९ ते २०१६ या काळातले श्वसनमार्गाच्या संसर्गाचे सुमारे १ लाख ४६ हजार रुग्ण तपासल्यावर असं दिसलं, की पीएम २.५ वाढलेल्या दिवसांनंतरच्या साधारण महिनाभरात असे रुग्ण वाढतात. रुग्णांत बहुतांश दोन वर्षांच्या आतली मुलं होती आणि त्यांच्यात आरएसव्ही हा विषाणू मोठ्या प्रमाणात होता. त्यातला महिनाभराचा काळ मला फार बोलका वाटतो. धूर आज कोंडतो, बाळ तीन-चार आठवड्यांनी दवाखान्यात येतं. आईला त्या धुराची आठवणही राहिलेली नसते. ती म्हणते, “परवा दही खाल्लं होतं त्यानं.”

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे आजार वाढतो का याचं, उत्तरही ‘हो’कडेच झुकतं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन इथे दमेकरी मुलांच्या अंगावर नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारी छोटी उपकरणं लावून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सर्दीच्या आधीच्या आठवड्यात ज्यांच्या वाट्याला हा वायू जास्त आला, त्यांचा विषाणूमुळे उठलेला दमा जास्त तीव्र होता. करोनाकाळात हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक काउंट्यांची तुलना केली. वर्षानुवर्षांचं पीएम २.५ घनमीटरला एक मायक्रोग्रॅमनं जास्त असेल तिथे करोनाचा मृत्यूदर सुमारे ११ टक्क्यांनी जास्त आढळला. ही तुलना प्रदेशांची होती, एकेका माणसाची नव्हे, त्यामुळे ११ हा आकडा मी दगडावरची रेघ मानत नाही. दिशा मात्र चीनमधल्या २००३ च्या सार्सपासून तीच दिसते आहे. तिथेही जास्त प्रदूषित भागांत त्या आजारानं मरण्याचं प्रमाण कमी प्रदूषित भागांच्या दुपटीच्या आसपास होतं. आणि जो जास्त दिवस खोकतो तो जास्त लोकांना आजार देतो, हे कुठल्याही घरात समजतं.

धूर की विषाणू, हा वाद जुना आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं धुरकं बसलं. सरकारी हिशेबात सुमारे चार हजार जास्तीचे मृत्यू झाले. पण मृत्यू धुरकं उठल्यावर थांबले नाहीत, जानेवारी-फेब्रुवारीतही वाढलेलेच राहिले. तेव्हा सरकारी अहवालानं त्या नंतरच्या मृत्यूंचं खापर फ्लूवर फोडलं. जवळपास पन्नास वर्षांनी मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस यांनी जुने आकडे पुन्हा काढले, तेव्हा त्या हिवाळ्यातल्या फ्लूनं एवढे मृत्यू होऊच शकत नाहीत असं दिसलं. त्यांचा अंदाज बारा हजारांपर्यंत गेला. सरकारांना फ्लू सोयीचा असतो. फ्लूवर कुणाला दंड होत नाही. इंग्लंडला स्वच्छ हवेचा कायदा करायला १९५६ उजाडलं.

हे वाचून सगळं खापर हवेवर फोडायचा मोह होईल. तेही बरोबर नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच भागातला आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझानं हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा सर्वात जास्त मृत्यूदर असलेल्या प्रांतांपैकी एक होता. अमेरिकेत त्याच साथीचे आकडे अर्थतज्ज्ञांनी अलीकडे तपासले, तर कोळशावर जास्त वीज करणाऱ्या शहरांत मृत्यू अधिक वाढल्याचं दिसलं. वऱ्हाडात मात्र अशी धुरांडी कुठे होती? इथे जिनिंग-प्रेसिंग होत्या आणि १८६७ पासून मुंबईला नागपूरशी जोडणारी रेल्वे होती. आपल्या गावाच्या नावातली ‘रेल्वे’ चांदूर बाजारपासून ओळख वेगळी राहावी म्हणून लागली. त्याच रुळांवरून मुंबईची साथ आत आली. वर त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, माणसं अर्धपोटी होती. मोठ्या शहराचा धूर नसतानाही विषाणूनं इथे कहर केला. उपाशी शरीराला विषाणू पुरेसा होता.

दुसरा दाखला सगळ्यांच्या आठवणीतला. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या करोनाच्या दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल अमरावती, अकोला, यवतमाळकडून लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपुरात आठवडाभराची टाळेबंदी लागली. त्या वेळी दिल्लीची हवा आपल्यापेक्षा कितीतरी वाईट होती, तरी दिल्लीत लाट उसळली ती एप्रिलमध्ये. इथे जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या होत्या, लग्नसराई सुरू होती, मास्क खाली उतरले होते आणि विषाणू नवं रूप घेत होता. ती लाट कुठे आधी उसळायची हे माणसांच्या गर्दीनं ठरवलं, धुरानं नव्हे.

आणि तिसरं, फ्लूचा मुख्य हंगाम महाराष्ट्रात पावसाळा आहे, जुलै ते सप्टेंबर. पावसानं धुतलेली, वर्षातली सगळ्यात स्वच्छ हवा तेव्हाच असते! जानेवारी ते मार्चमधला फ्लूचा भर त्यामानानं लहान. हे ध्यानात ठेवलं की हवेचं नेमकं काम कळतं. साथ आणायचं काम विषाणू आणि गर्दी मिळून करतात. त्या साथीत कुणाला दोन दिवसांचा ताप आणि कुणाला ऑक्सिजनची नळी, यात धुराचा मोठा हात असतो. पावसाळ्यातही धूर घरात असतोच, ओल्या सरपणाचा आणि बंद दारांआडचा.

तेव्हा आपल्याकडचा धूर कुठून येतो ते पाहू, कारण तो दिल्लीसारखा नाही. नांदगाव पेठ आणि पारस इथे कोळशाची वीजकेंद्रं आहेत, तालुक्यातून आता समृद्धी महामार्गही गेला आहे. पण रोज नाकाशी येणारा धूर फार जवळचा असतो. संध्याकाळी घराघरासमोर, दुकानासमोर झाडलोट करून पेटवलेला कचरा, त्यात प्लास्टिक. दिवाळीचे फटाके. थंडीतल्या शेकोट्या, त्यात कधी जुना टायर. आणि कपाशीची उलंगवाडी झाली की पेटणारी पऱ्हाटी.

पऱ्हाटीबद्दल शेतकऱ्याला सरसकट दोष देणं मला पटत नाही. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडायचं तर हंगाम संपल्यावर पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका, असं कृषी विभागच सांगतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आगपेटी दोन रुपयांची. श्रेडर मारून ती जमिनीत मिसळता येते. नागपूरच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेच्या केंद्रानं तिच्या पेलेट, विटकुरासारख्या कांड्या करण्याचं तंत्रही दिलं आहे. ही यंत्रं गावात भाड्यानं मिळाली तर धूर कमी होईल. नुसत्या बंदीनं तो फक्त रात्री उशिरा पेटेल.

रात्री पेटण्यानं तर जास्तच नुकसान होतं. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य मावळला की जमीन भराभर थंड होते, तिच्याजवळची हवाही थंड आणि जड होते, वारा पडतो. वर उबदार हवेचं झाकण बसतं. दुपारी दोनला पेटवलेला कचरा वर निघून जातो, तोच कचरा संध्याकाळी सातला पेटवला तर त्याचा धूर गल्लीत कमरेच्या उंचीवर पसरून सकाळपर्यंत तिथेच राहतो. पहाटे पाचला फिरायला निघणारी मंडळी हाच धूर छाती भरभरून घेतात. त्यांच्या शिस्तीबद्दल मला आदर आहे, पण दमा, हृदयविकार किंवा सीओपीडी असलेल्यांनी डिसेंबर-जानेवारीत ऊन चढल्यावर किंवा दुपार कलताना फिरावं.

उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आहे. साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड आहे. चांदूरसारख्या गावात शेजाऱ्याविरुद्ध तक्रार कोण करणार, हा प्रश्न मला कळतो. पण नगर परिषदेची कचरागाडी रोज वेळेवर आली तर निम्मा कचरा पेटणारच नाही.

आता घराच्या आत येऊ. माझ्या मते आपल्या भागात धूर आणि विषाणू यांची खरी गाठ पडते ती झोपायच्या खोलीत. जानेवारीची रात्र डोळ्यांसमोर आणा. एक खोली, पाच-सहा माणसं, दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, फटीत चिंध्या. आजोबांना चार दिवसांपासून खोकला. कोपऱ्यात जळणारी मच्छर अगरबत्ती. चीन आणि मलेशियातल्या अगरबत्त्या तपासून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळली तर तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं त्यात आढळलं. आजोबांच्या श्वासातला विषाणू त्या खोलीत साचत जातो आणि बाळाच्या श्वासनलिकेतली लव त्याच वेळी कॉइलनं मंदावते. सकाळी कॉइलची राख झाडून टाकली जाते, बाळाचा खोकला राहतो.

स्वयंपाकघराचं सरळ सांगायचं तर चुलीच्या खोलीत स्वयंपाकाच्या वेळी पीएम २.५ शेकड्यांत जातं. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेनं गॅस घराघरात गेला, हे मोठं काम झालं. पण नुसता गॅस आला की न्यूमोनिया गेला, असं होत नाही. तमिळनाडूसह चार देशांत सुमारे बत्तीसशे गरोदर स्त्रियांना घेऊन मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना गॅस आणि सिलिंडर मोफत दिले. बाळांमधल्या तीव्र न्यूमोनियात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हा निकाल २०२४ मध्ये आला तेव्हा अनेकांची निराशा झाली. ग्वाटेमालात धुरांड्याच्या चुलीच्या आधीच्या प्रयोगात तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशानं घटला होता, पण एकूण न्यूमोनियातली घट निर्णायक नव्हती. मला यातून एवढंच कळतं, की आपल्या घरातली चूल विझली तरी शेजारची जळत असते, गल्लीतला कचरा जळत असतो आणि कुपोषण, गर्दी, लसीकरण हे सगळं आपापल्या जागी असतंच. एकट्या घरानं हवा स्वच्छ होत नाही. चूल बंद करू नका असा याचा अर्थ कुणी काढू नये. घरातल्या बाईचे डोळे आणि फुप्फुसं यांच्यासाठी ती बंदच व्हायला हवी. आणि गॅसवरही फोडणीचा धूर आणि नायट्रोजन डायऑक्साइड असतोच, म्हणून खिडकी उघडी लागते.

खिडकीचा पेच मोठा आहे. विषाणूवाले डॉक्टर सांगतात उघडा, प्रदूषणवाले सांगतात लावा. दोघंही बरोबर आहेत, फक्त घड्याळ सांगत नाहीत. आपल्या हवामानात हिवाळ्यात सकाळी साधारण दहापासून दुपारी चार-पाचपर्यंत हवा वर-खाली मिसळत असते, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात, अंथरुणं उन्हात टाकावीत. सुदैवानं शाळेची वेळही बहुतेक हीच, त्यामुळे वर्ग आणि अंगणवाडीच्या खिडक्या थंडीच्या नावाखाली बंद ठेवायचं कारण नाही. दिवेलागणीला गल्लीत धूर दिसला की रस्त्याकडची खिडकी लावावी. रात्री झोपताना मागच्या अंगाची एखादी वरची झडप किंवा जाळी उघडी राहू द्यावी. बाळाला पांघरूण वाढवा, खोली कोंडू नका. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. ती एकदाच घ्यावी लागते. धूप, उद, कापूर हेही धूरच आहेत, बाळंतिणीच्या खोलीत तर नकोच. थंडीत शेगडीवर निखारे घेऊन दार बंद करून झोपण्यानं दरवर्षी कुठे ना कुठे माणसं मरतात, ती विषाणूनं नव्हे, कार्बन मोनॉक्साइडनं.

दुपट्ट्याबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळा दुपट्टा आणि स्कार्फ तोंडाला असतो. त्यानं ऊन आणि जाड धूळ अडते, पीएम २.५ आणि विषाणू अडत नाहीत. नीट बसणारा एन-९५ मास्क मात्र दोन्हींना उपयोगी पडतो. म्हणून तो दमेकऱ्यानं धुराच्या संध्याकाळी बाहेर जाताना लावावा, जिनिंगमध्ये काम करणाऱ्यानं कामावर लावावा आणि ज्याला खोकला आहे त्यानं घरात, विशेषतः म्हाताऱ्या आई-वडिलांजवळ आणि तान्ह्या बाळाजवळ लावावा. दम्याचा पंप ‘सवय लागेल’ म्हणून हिवाळ्यात बंद करणारे बरेच असतात. पंपाची सवय लागत नाही. व्हायरलवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, तेव्हा मेडिकलमधून तीन गोळ्या मागून घेण्यात पैसे जातात आणि पुढच्या वेळी खरोखर गरज लागली की औषध चालत नाही. व्हायरलच्या मागोमाग फुप्फुसात जिवाणू शिरू शकतो, म्हणून बाळाच्या दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळच्या न्यूमोकोकल लशी चुकवू नका, त्या सरकारी दवाखान्यात मोफत असतात. साठीपुढच्यांनी, दमेकऱ्यांनी आणि गरोदर बायांनी फ्लूच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांशी पावसाळ्याआधी बोलावं.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर धूर, व्हायरल, अ‍ॅलर्जी असे अंदाज घरी बांधत बसू नका. बेडका तपासून क्षयरोग नाही याची खात्री करून घ्या. तीही तपासणी मोफत आहे.

लहान बाळाला खोकला असेल तर एक मोजणी आईला, आजीला, कुणालाही घरी करता येते. मिनिटाला होणारे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास होत असतील, तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते सुस्त पडलं असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. मोजणी बाळ शांत किंवा झोपलेलं असताना करायची, रडताना नाही, अंगावरचा कपडा वर करून, पोटाकडे बघत आणि पूर्ण एक मिनिट.